एसआरवाय चाचणी, आंतरलिंगी खेळाडू आणि महिला गट: ही रेषा कुणाच्या अंगावरून जाते?

आठशेमीटर

१ सप्टेंबर २०२५ पासून मैदानी खेळांच्या जागतिक महासंघाचा, म्हणजे वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सचा नवा नियम लागू झाला आहे. जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांत महिला गटातून उतरायचं असेल, तर आयुष्यात एकदा एसआरवाय जनुकाची चाचणी द्यायची. गालाच्या आतल्या बाजूला बोळा फिरवतात किंवा रक्त घेतात. गर्भात वृषणं घडवणारं, वाय गुणसूत्रावरचं हे जनुक सापडलं की महिला गट बंद, अपवाद अगदी थोडे. टोकियोची जागतिक स्पर्धा याच नियमाखाली झाली. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, आणि त्याची मोठी किंमत आपल्यासारख्या देशांतल्या गरीब घरच्या मुली मोजतील असंही वाटतं.

ट्रान्सजेंडर खेळाडूंचा विषय वेगळा आहे, तो कृपया इथे आणू नका. मी ज्या आंतरलिंगी मुलींबद्दल लिहितेय त्या जन्मल्या तेव्हा सुईणीने, डॉक्टरांनी, आईने मुलगीच पाहिली. जन्मदाखल्यावर मुलगी, शाळेच्या पटावर मुलगी, घरात मुलगी. आपल्या शरीराची आतली घडण वेगळी आहे हे यातल्या कित्येकींना पहिल्यांदा कळतं ते पदक जिंकल्यावर कुणीतरी तपासणीला बोलावतं तेव्हा.

शांती सौंदराजन तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातली, आईवडील वीटभट्टीवर मजूर. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरचं रौप्य जिंकलं. लगेच लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतलं गेलं, आणि तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. २००७ मध्ये तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. आशियाई पदक घेतलेली ही मुलगी पुढे स्वतः वीटभट्टीवर राबत होती. प्रशिक्षक म्हणून ती परत उभी राहिली, ती स्वतःच्या जिद्दीवर. तिने फसवणूक केली नव्हती, औषध घेतलं नव्हतं, काही लपवलंही नव्हतं.

२०१४ मध्ये ओडिशाच्या धावपटू द्युती चंदला, शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक नैसर्गिकरीत्याच जास्त आहे म्हणून, ग्लासगोच्या राष्ट्रकुल संघातून ऐन वेळी वगळलं. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात गेली. २०१५ मध्ये लवादाने टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा तो नियमच स्थगित केला, कारण नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळे स्पर्धेत नेमका किती फायदा होतो हे महासंघाला दाखवता आलं नाही. २०१८ ला जकार्तात तिने १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्य जिंकलं. ती लढली नसती तर ती दोन पदकं आपल्याला मिळाली नसती.

मी विद्यापीठासाठी ८०० मीटर धावले आहे. मरीन लाइन्सच्या मैदानावर रुंद खांद्याच्या, बारीक केस कापलेल्या मुलींबद्दल होणारी कुजबुज मी ऐकली आहे. ज्या मुली खरोखर आंतरलिंगी आहेत त्यांच्यावर काय गुदरत असेल याचा विचार करून बोला, एवढीच विनंती.

नायगावकर

ताई, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे. मत मात्र साफ उलट.

मी पोलीस भरतीच्या मुलामुलींचा सराव घेतो. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असतं, गुण वेगळे, यादी वेगळी. दोघांना एकाच वेळेत, एकाच यादीसाठी पळवलं तर मुलींची नावं शोधावी लागतील. वयात येईपर्यंत मुलगे-मुली साधारण बरोबरीने पळतात. मग मुलग्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि दोन वर्षांत अंतर पडतं: स्नायू, हाडं, हिमोग्लोबिन, सगळंच. ८०० मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम १ मिनिट ४०.९१ सेकंद, महिलांचा १ मिनिट ५३.२८. हे अंतर १२ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि १२ टक्के म्हणजे महिला विश्वविक्रमवीर पुरुषांच्या चांगल्या राज्यस्तरीय शर्यतीतही पहिली येईल याची खात्री नाही.

महिला गट त्याच एका गोष्टीपासून संरक्षण म्हणून केलेला आहे. मग ज्या खेळाडूच्या शरीरात वृषणं आहेत, पुरुषाइतकं टेस्टोस्टेरॉन तयार होतं आणि शरीर ते वापरतं, तिला त्या गटात घेतलं तर गटाला अर्थ काय राहिला? तिचा दोष नाही, शंभर टक्के मान्य. पण बाजूच्या लेनमधल्या मुलीचा तरी काय दोष?

रिओ ऑलिंपिक, २०१६, महिला ८०० मीटर. पहिल्या तिघी दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या, फ्रान्सीन नियोनसाबा, मार्गारेट वाम्बुई. तिघीही पुढे याच नियमांच्या कक्षेत आल्या. चौथी आली कॅनडाची मेलिसा बिशप, आपल्या देशाचा राष्ट्रीय विक्रम मोडून चौथी! तिच्यावर कुणी धागा काढत नाही.

परळची डॉक्टर

मी अंतःस्रावी विकारांच्या विभागात काम केलं आहे. मत नंतर देते, आधी शरीर समजून घेऊ, कारण 'आंतरलिंगी' म्हणून आपण वेगवेगळ्या अवस्था एकत्र बोलतोय.

एक अवस्था ५-अल्फा रिडक्टेजची कमतरता. गुणसूत्रं एक्सवाय, वृषणं शरीराच्या आत. टेस्टोस्टेरॉन तयार होतं, पण त्याचं पुढचं रूप तयार होत नाही, आणि गर्भात बाह्य जननेंद्रियं घडवायला तेच लागतं. म्हणून जन्माच्या वेळी बाळ मुलीसारखं दिसतं. वयात येताना टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या पातळीवर जातं आणि स्नायूंवर त्याचा परिणाम होतो. नायगावकर म्हणतात तो फायदा इथे खरा आहे.

दुसरी अवस्था संपूर्ण अँड्रोजन असंवेदनशीलता (अँड्रोजन म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं). गुणसूत्रं एक्सवाय, टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण पेशींना ते वापरताच येत नाही. या स्त्रियांना त्याचा फायदा शून्य. एसआरवाय चाचणी मात्र दोघींची सारखीच येते. नवीन नियमात दुसऱ्या प्रकाराला सूट आहे, पण ती मिळवायला पुढच्या तपासण्या लागतात, आणि त्या गालावरच्या बोळ्याइतक्या साध्या नाहीत. या दोन टोकांच्या मध्ये अंशतः असंवेदनशीलता आहे. तिथे कुणाच्या शरीराने किती संप्रेरक वापरलं हे आकड्यात सांगणं आम्हालाही अवघड जातं.

आकडेही देते. स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन साधारण ०.१ ते १.८ नॅनोमोल प्रति लिटर, पुरुषांमध्ये ७.७ ते २९.४. मध्ये मोठी मोकळी जागा आहे. पीसीओएस (बीजकोशांचा विकार) असलेल्या मुलींचं थोडं वाढतं, पण त्या एक्सएक्स आहेत, त्यांचा या नियमाशी संबंध नाही. ओपीडीत खेळाडू मुली हे घाबरून विचारतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

मुलुंडचे बाबा

माझी मुलगी पंधरा वर्षांची, ४०० मीटर धावते. पहाटेची लोकल पकडून सरावाला जाते, दहावीचं वर्ष असूनही. माझं साधं म्हणणं आहे. पूर्वी तक्रार आली, संशय आला की तपासत. म्हणजे जी पुरुषी दिसते तिला धरायचं. आता सगळ्यांची एकच चाचणी. माझ्या मुलीचीही होईल. आठशेमीटर ताईंनी सांगितलेली कुजबुज यानेच बंद होईल ना? सगळ्यांना सारखा नियम यात अन्याय कुठे, हे मला खरंच कळत नाहीये.

आठशेमीटर

दादा, तुमच्या लेकीला शुभेच्छा. तुमचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

सगळ्यांची सारखी चाचणी हा प्रयोग आधी होऊन गेला आहे. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडूंची गुणसूत्र तपासणी होत होती. १९८५ मध्ये जपानमधल्या विद्यापीठ स्पर्धेत स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होसे मार्तिनेझ पातिन्यो त्यात अडकली. तिला तीच अवस्था होती जिच्यात फायदा शून्य असतो असं डॉक्टरताई म्हणाल्या. तरी पदकं गेली, शिष्यवृत्ती गेली, लग्न ठरलं होतं ते मोडलं. १९८८ मध्ये तिला परत मान्यता मिळाली, तोवर उमेदीची वर्षं निघून गेली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिलांची चाचणी झाली, आठ जणींमध्ये एसआरवाय सापडलं. सात जणींना अँड्रोजन असंवेदनशीलता, कमी-अधिक प्रमाणात. एकीला ५-अल्फा रिडक्टेजची कमतरता. आठही जणींना खेळू दिलं. १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने ती सरसकट चाचणीच थांबवली.

आणि हे जनुक १९९० मध्ये ज्यांनी शोधलं त्यात अँड्र्यू सिंक्लेअर आहेत. तेच आज जाहीरपणे या चाचणीच्या विरोधात आहेत. जनुक आहे की नाही एवढंच ती सांगते, असं ते म्हणतात. ते काम करतंय का, वृषणं घडली का, टेस्टोस्टेरॉन बनतंय का, शरीर ते वापरतंय का, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

नियम सगळ्यांना सारखा असला तरी निकालानंतरचं आयुष्य सारखं नसतं. युरोपातल्या धावपटूजवळ स्वतःचा डॉक्टर, वकील, मानसोपचारतज्ज्ञ असतो. मेळघाटातल्या किंवा पालघरच्या पाड्यावरच्या मुलीजवळ कोण आहे? तिचा निकाल आधी कुणाला कळणार, तिला की संघटनेच्या कार्यालयात बसलेल्या पाच जणांना?

नायगावकर

अटलांटाचं उदाहरण माझ्या बाजूचंही आहे. ३,३८७ मध्ये आठ. सर्वसाधारण लोकसंख्येत या अवस्था कित्येक पटींनी दुर्मीळ आहेत. २०११ च्या डेगू जागतिक स्पर्धेतल्या महिलांच्या रक्ताचा अभ्यास झाला, तिथेही हजारात सात जणी एक्सवाय आणि उच्च अँड्रोजनच्या निघाल्या. काहीच फायदा होत नसता तर सर्वोच्च पातळीवर हे प्रमाण इतकं वाढलंच नसतं.

सेमेन्याचंच बघा. नियमानुसार टेस्टोस्टेरॉन कमी करायचं औषध घेत होती तेव्हा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची वेळ १ मिनिट ५७.२३. नियम स्थगित झाल्यावर रिओत १ मिनिट ५५.२८. दोन सेकंद! ८०० मीटरमध्ये दोन सेकंद म्हणजे सुवर्ण आणि पाचवा क्रमांक यांच्यातलं अंतर.

कायदेभान

वकील आहे, कोर्टांची बाजू थोडक्यात मांडतो, कारण 'सेमेन्या जिंकली' आणि 'सेमेन्या हरली' या दोन्ही बातम्या फिरत असतात.

सेमेन्याने टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेच्या २०१८ च्या नियमाला आव्हान दिलं. २०१९ मध्ये क्रीडा लवादाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला: हा नियम भेदभाव करणारा आहे, तरीही महिला गट राखण्यासाठी आवश्यक आणि वाजवी आहे. २०२० मध्ये स्विस सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १० जुलै २०२५ ला सांगितलं की स्विस न्यायालयाने तिचं प्रकरण पुरेशा काटेकोरपणे तपासलं नाही, तिला न्याय्य सुनावणी मिळाली नाही. नियम योग्य की अयोग्य यावर त्यांनी काहीच म्हटलेलं नाही, भेदभावाची तक्रार त्यांच्या अधिकारकक्षेबाहेर धरली.

मला स्वतःला खटकतं ते पुराव्याचं प्रकरण. २०१८ चा नियम फक्त ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना होता. ज्या अभ्यासाचा आधार घेतला त्यात हातोडाफेक आणि पोल व्हॉल्टमध्येही फरक दिसला होता, ते नियमात घेतले नाहीत. १५०० मीटरमध्ये ठळक फरक दिसला नव्हता, ते घेतलं. २०२१ मध्ये त्याच लेखकांनी दुरुस्ती छापली की आमचे निष्कर्ष प्राथमिक स्वरूपाचे आहेत, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आणि टेस्टोस्टेरॉनची मर्यादा बघा: २०११ मध्ये १० नॅनोमोल, २०१८ मध्ये ५, २०२३ मध्ये २.५ आणि तीही सगळ्या क्रीडाप्रकारांना, आता थेट जनुक. रेषा सारखी सरकत असेल तर खेळाडूने आपल्या आयुष्याची आखणी कशावर करायची?

लालबाग रेडर

कबड्डीत वजनाची मर्यादा असते, बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. टेस्टोस्टेरॉनचे गट करा ना. स्त्री-पुरुष वादच मिटेल.

नायगावकर

@लालबाग रेडर, आंतरलिंगी खेळाडू सगळ्या गावात मिळून एक-दोन. त्यांचा गट कुठल्या मैदानावर भरवणार, आणि त्यात कोण नाव देईल? नाव दिलं की सगळ्या जगाला कळलं. वेगळा गट हा त्या मुलींसाठी सगळ्यात क्रूर उपाय आहे. इथे मी ताईंच्या बाजूने.

सह्याद्री

नैसर्गिक फायदा सगळ्याच मोठ्या खेळाडूंना असतो. फिनलंडचा स्कीपटू एरो मँटिरांटा याच्या जनुकात जन्मजात बदल होता, त्यामुळे रक्तात तांबड्या पेशी भरमसाट. १९६४ मध्ये त्याने ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं जिंकली. त्याला कुणी औषध घेऊन रक्त पातळ करायला सांगितलं नाही. उंच मुलीला बास्केटबॉलमध्ये गुडघ्यात वाकून खेळ म्हणत नाहीत. मग याच एका जन्मजात गोष्टीला एवढी भीती का?

नायगावकर

कारण आपण तांबड्या पेशींवरून गट पाडलेले नाहीत, उंचीवरूनही नाहीत. लिंगावरून पाडले आहेत. ज्या गोष्टीवरून गट पाडला तीच गटाच्या आत मोकळी सोडता येत नाही. सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत वीस वर्षांचा मुलगा 'मला निसर्गानेच वाढवलं' म्हणाला तर चालेल का?

गिरगावची

खूप वेळ लिहू की नको असं चाललं होतं.

माझी मामेबहीण अशीच. लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून नेलं आणि आतली वृषणं काढून टाकली. तिच्या आईवडिलांना डॉक्टरांनी बजावलं, हिला काही सांगू नका, लग्नाचं बघताना त्रास होईल. ती सोळा वर्षांची झाली, पाळी आली नाही, घरात सगळे गप्प. वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या, कशाच्या ते माहीत नाही. तिला खरं कळलं ते तिशीत, एका जुन्या फायलीतून. आईशी ती दोन वर्षं बोलत नव्हती. आज ती ठीक आहे, नोकरी करते, बोरिवलीला राहते. तिच्याशी बोलून, तिच्या परवानगीने लिहितेय.

खेळाच्या चर्चेत हे का आणलं ते सांगते. हीच गोष्ट खेळाडूंच्या बाबतीत महासंघांच्या सावलीत घडली आहे. २०१३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात चार तरुण धावपटूंची माहिती छापून आली. विकसनशील देशांतल्या, वय १८ ते २१. त्यांची वृषणं काढली आणि जोडीला शिश्निकेचा (क्लिटॉरिसचा) भागही कापला. खेळासाठी किंवा प्रकृतीसाठी त्याची काहीएक गरज नव्हती. युगांडाची अ‍ॅनेट नेगेसा २०१२ मध्ये अशाच शस्त्रक्रियेतून गेली, आणि आपल्याला नीट समजावून सांगितलं गेलं नव्हतं असं तिने २०१९ मध्ये उघडपणे सांगितलं. तिची कारकीर्द तिथेच संपली. जागतिक वैद्यक संघटनेने २०१९ मध्ये डॉक्टरांना आवाहन केलं की निरोगी खेळाडूला केवळ नियमासाठी संप्रेरकं कमी करायची औषधं देऊ नका. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी आंतरलिंगी बालकांवरच्या अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं. महाराष्ट्रात मात्र अजून घरोघर 'हर्निया'च चालू आहेत असं मला वाटतं.

बहीण म्हणाली, "मला शर्यतीचं काही कळत नाही. पण कुणीतरी दुसऱ्याने आधी वाचलेली माझी फाईल, हे मला कळतं."

परळची डॉक्टर

गिरगावची ताई, तुमच्या बहिणीला नमस्कार सांगा. तिच्याशी जे झालं ती त्या काळात वैद्यकाची शिकवणच होती, आणि ती शिकवण चुकीची होती हे आज आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो.

माझं मत: सर्वोच्च पातळीवर, ज्या अवस्थांमध्ये टेस्टोस्टेरॉन खरंच वापरलं जातं तिथे काहीतरी मर्यादा असणं मला मान्य आहे. पण मर्यादेत बसण्यासाठी निरोगी मुलीला औषध देणं मला डॉक्टर म्हणून मान्य नाही. सेमेन्याने २०१५ पर्यंत ज्या गोळ्या घेतल्या त्यांच्या त्रासाबद्दल ती उघडपणे बोलली आहे. खेळाडूसाठी औषध घ्यायचं, तेही बरं होण्यासाठी नाही, हळू पळता यावं म्हणून! या दोन गोष्टी एकत्र धरल्या तर माझ्याकडे पूर्ण उत्तर उरत नाही, हे मी जाणते.

मुलुंडचे बाबा

वरचं सगळं वाचलं. चाचणी असावी असंच मला अजून वाटतं. पण एक प्रश्न पडला. माझ्या मुलीच्या जिल्हा-राज्य स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर दहावीचे क्रीडागुण आहेत, पुढे सरकारी नोकरीतला ५ टक्के क्रीडा कोटा आहे. उद्या एखाद्या मुलीचा निकाल असा आला तर तिची आधीची प्रमाणपत्रं राहणार की जाणार?

नायगावकर

राहिली पाहिजेत. त्या दिवशीच्या नियमाने ती मुलगी म्हणून पळाली, जिंकली. माझ्या हाताखालच्या मुलीचं असं झालं तर तिच्या नोकरीसाठी मी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवीन. ऑलिंपिकच्या महिला गटात ती नसावी, हे माझं मत त्याने बदलत नाही.

आठशेमीटर

नायगावकर सर, तुम्ही तिच्या नोकरीसाठी भांडाल यावर माझा विश्वास आहे. पण तिला सकाळी पाच वाजता उठवून तुम्ही मैदानावर आणलंत ते नोकरीसाठी नव्हतं, धावण्यासाठी होतं. अठराव्या वर्षी तिला 'तुझी नोकरी राहील, तू धावू नकोस' असं तोंडावर कोण सांगणार? मी नाही सांगू शकणार.

नायगावकर

मी सांगेन. तिच्या घरी जाऊन, आईवडिलांसमोर, दार लावून, डॉक्टरांना सोबत घेऊन. आणि दुसऱ्या दिवशी बिशपसारखी चौथी आलेल्या मुलीलाही तोंड दाखवू शकेन.

कायदेभान

दार लावून हे महत्त्वाचं. नियमात निकाल गोपनीय ठेवायची हमी लिहिलेली असते, पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी मुलगी संघाच्या यादीतून गायब झाली की सगळ्यांना कळतंच. म्हणून माझी सूचना: चाचणी संघ निवडीच्या कितीतरी आधी, स्वेच्छेने, समुपदेशकासह आणि मराठीतून समजावून व्हावी, अहवाल आधी फक्त मुलीच्या हातात पडावा. अल्पवयीन असेल तर पालकांसोबत. राज्य संघटनेला नुसतं 'पात्र' किंवा 'माघार' एवढंच कळावं, आणि माघारीला दुखापतीपासून परीक्षेपर्यंत दहा कारणं असू शकतात. कुणाला मसुद्यात रस असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गिरगावची

व्यनि केला आहे. बहिणीलाही मसुदा वाचायचा आहे.